बंड्याला पत्र: दोन सेंटीमीटरसाठी वर्षभर रडलो

बंड्या,

तुझा मेसेज परवाच बघितला, पण खांदे इतके भरून आले होते की फोन धरवत नव्हता. आज जरा माणसात आलोय.

शनिवारी विंग फॉइलिंगला थर्ड अव्हेन्यूला गेलो होतो रे, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीवर, फॉस्टर सिटीचं ते, सॅन मटेओचा पूल दिसतो बघ, जिथं तू जूनमध्ये कुडकुडत मला शिव्या घातल्या होत्यास. उन्हाळ्यात आतली व्हॅली तापते आणि समुद्रावरची गार हवा सॅन ब्रुनोच्या खिंडीतून आत ओढली जाते, म्हणून दुपारनंतर वारा ठरलेला. मी वाऱ्याचा वेग १५ नॉट धरून ५ चौरस मीटरची विंग, म्हणजे हातात धरायचं शीड, फुगवली आणि तासाभरात २१ झाला. सहा नॉटनं काय होतंय असं वाटेल, पण जोर वेगाच्या वर्गाच्या हिशोबात वाढतो, म्हणजे जवळपास दुप्पट! त्यात ओहोटी, पाणी वाऱ्याच्या तोंडावर चाललेलं, त्यामुळे आखूड आणि उभ्या लाटा, नुसता खडखडाट.

आता माझं जुनं रडगाणं तुला माहितीये. वेग आला की बोर्ड नाक वर काढतो, पुढच्या पायावर सगळं वजन टाकलं तरी दबत नाही, मग फॉइल, म्हणजे बोर्डाखालच्या दांड्याला लावलेले पंख, पाण्याबाहेर डोकावतं, हवा ओढतं, वर उचलणारी लिफ्ट एका क्षणात गायब आणि मी थोबाडावर. मांडी नुसती पेटलेली असते. वर्षभर मला वाटत होतं पाय कच्चे आहेत, नाहीतर फॉइलचा पुढचा पंख, १२५० चौरस सेंटीमीटरचा, मोठा पडतोय, लहान घ्यायला पाहिजे. कार्टमध्ये टाकूनसुद्धा ठेवला होता, किंमत सांगत नाही, बायको वाचेल.

किनाऱ्यावर दम खात बसलो तर एक पिकलेले काका आले, बोर्ड उलटा केला आणि विचारलं मास्ट, म्हणजे फॉइलचा दांडा, इतका पुढे का? का म्हणजे काय, पहिल्या दिवशी लावला तिथंच! स्क्रू मिठानं असे धरलेले की टॉर्क्स चावीवर दोघांनी जोर लावला तेव्हा हलले. दोन सेंटीमीटर मागे घेतला, मार्करनं खूण केली, ४ मीटरची विंग काढली आणि ती पण नेहमीसारखी अर्धवट न सोडता तिच्यावर छापलेत तेवढे ८ पीएसआय पूर्ण भरले. मऊ विंग जोराच्या वाऱ्यात मधून वाकते, हात तुटायला येतात ते त्यानंच.

आणि काय सांगू लेका, बोर्ड शांत. मांडीला कामच नाही.

जाइब, म्हणजे वारा पाठीवर घेऊन वळणं, मात्र तरी जमेना, तिथं मास्टचा काही दोष नव्हता. वळताना वारा पाठीमागून आला की विंग हातात एकदम रिकामी होते, वजनच नसतं तिला, घाबरून मी पायाकडे बघतो की पडलोच. मग तुझ्या बाबांची लुना आठवली, तू मागं पळत ओरडायचास, चाकाकडे बघू नको भाड्या, रस्त्याकडे बघ! पुलाच्या खांबावर नजर ठेवून वळलो. बारापैकी तीन जमले, एकात तर पाय पण बदलले, बाकीचं खाडीचं पाणी प्यालो.

कार्ट रिकामं केलंय. पुढच्या वेळी मागच्या छोट्या पंखाखाली अर्ध्या डिग्रीची शिम, म्हणजे पातळ पाचर, घालून बघणारे, पण एका वेळी एकच बदल, नाहीतर कशानं काय झालं तेच कळत नाही.

तू डिसेंबरचं तिकीट बघतोयस ना, नको काढू. तेव्हा इथं वारा नसतो, नुसती माझी बडबड ऐकत बसशील. जून-जुलैचं बघ, आणि यावेळी स्वेटर आण.

तुझा,
पश्या