सर्व्हर वाढवून सगळे सुटत नाही

महोदय,

गर्दीत वेबसाइट्स का कोलमडतात, यावरचा कालच्या अंकातला लेख वाचला. 'सर्व्हर वाढवा' एवढाच उपाय त्यात तीनदा सांगितला आहे. याच सल्ल्याचे परिणाम मी निस्तरले आहेत, म्हणून लिहितो.

आमच्या कंपनीत ऑर्डर नोंदवणारी यंत्रणा एकदा ऐन गर्दीत मंदावली. वरून फर्मान आले, सर्व्हर दुप्पट करा. सगळ्या नोंदी साठवणारा डेटाबेस मात्र एकच. नव्या सर्व्हरनी त्याच्याकडे आणखी कनेक्शन मागितली, मर्यादा संपली आणि रडतखडत चालणारी यंत्रणा पार ठप्प झाली. त्यात दोन सेकंदांत उत्तर आले नाही की ॲप तीच विनंती पुन्हा धाडायचे. डेटाबेस जुन्या विनंतीवर राबतोय, पण तिचे उत्तर घ्यायला कोणी थांबलेलेच नाही! आधी हे रीट्राय, म्हणजे पुन्हा पुन्हा विनंती धाडणे, आवरा, म्हणून मी लॉग, म्हणजे यंत्रणेच्या कामाच्या नोंदी, दाखवत होतो, कोणी ऐकेना. शेवटी प्रत्येक रीट्रायआधीची प्रतीक्षा वाढवत नेली, कनेक्शनची संख्या उलट कमी केली, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. अहवालात काय छापले? 'अनपेक्षित गर्दी'. याचा राग अजून गेलेला नाही.

लेखकाने ९५ टक्के व्यग्र सर्व्हरला कार्यक्षम ठरवले आहे. विनंत्या कशाही, केव्हाही येत असतील, तर रांगेच्या साध्या गणितानुसार सर्व्हर निम्मा व्यग्र असताना उत्तराला मूळ कामाच्या दुप्पट वेळ लागतो, ९० टक्क्यांवर दहापट आणि ९५ वर वीसपट. मोकळी ठेवलेली क्षमता ही उधळपट्टी नसते.

हाच धडा जुना आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि जेमतेम ४०० यार्डांवरचे बर्कली विद्यापीठ यांच्यातल्या नेटवर्कचा वेग गर्दीमुळे सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला होता. व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरेल्स या संगणकतज्ज्ञांनी त्यावर उपाय शोधला तो पाठवणाऱ्या संगणकांना कोंडी ओळखून हात आखडता घ्यायला लावण्याचा. लेखात त्याचा उल्लेखही नसावा?

आणखी एक. लेखासोबतच्या आलेखात उभ्या अक्षावर एकक नाही. सेकंद की मिलिसेकंद, वाचकाने काय समजायचे? हे आपल्या पानांवर वारंवार घडते. निदान हा आलेख तरी दुरुस्त करून पुन्हा छापावा.

— एक सिस्टिम इंजिनीअर