दारुहळदीचा काढा आणि काकूंचा रिपोर्ट

प्रिय सुध्या,

तुझा मेसेज वाचला, पण दोन ओळीत उत्तर दिलं तर तू पुन्हा दहा प्रश्न विचारशील म्हणून लांबलचकच लिहून राहिलो.

काकूंच्या लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) ई. कोलाय नावाचा बॅक्टेरिया निघाला आणि रिपोर्टवर अँटिबायोटिकांपुढे नुसती आर, आर, आरची रांग, म्हणजे ती याच्यावर चालत नाहीत, ते पाहून कोणीही घाबरेल बे. पण इतवारीतून दारुहळद आणून गोळ्या बंद करून काढा सुरू करायचा म्हणतोस, ते करू नको.

दारुहळद फालतू आहे असं नाही. तिच्यातलं बर्बेरिन, ज्याचा तो पिवळा रंग असतो, ते बॅक्टेरियाला मारतं हे खरंय. भानगड अशी की स्टॅफिलोकोकस या दुसऱ्या एका बॅक्टेरियाच्या अंगात नॉरए नावाचा पंप असतो, बर्बेरिन आत शिरलं की बेसमेंटमधलं पावसाचं पाणी आपण मोटर लावून काढतो ना तसं तो ते बाहेर फेकतो, सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकलाही तोच हाकलतो. आता मजा ऐक. 2000 साली अमेरिकेत दारुहळदीच्याच जातभाई झुडपात आणखी एक द्रव्य सापडलं, ते एकटं काहीच मारत नाही, फक्त हा पंप अडवतं आणि मग बर्बेरिन आत टिकतं. म्हणजे झाडानं मारणारा आणि दार धरून ठेवणारा, दोघंही एकाच घरात पोसलेत! मला या विषयात याहून भारी काही वाटत नाही. वनस्पतींचा खरा उपयोग बहुतेक इथंच आहे, अँटिबायोटिकच्या जागी नाही, त्याच्या जोडीला.

मिरी-पिंपळीतलं पायपेरिनही लॅबमध्ये नॉरए अडवतं. आणि त्याचा दुसरा गुण तर औषधातच आलाय, टीबीसाठी 2009 मध्ये आपल्याकडे एक गोळी आली, जम्मूच्या सरकारी लॅबच्या कामातून, तिच्यात 10 मिलिग्रॅम पायपेरिन टाकून रिफॅम्पिसिन हे टीबीचं अँटिबायोटिक 450 वरून 200 मिलिग्रॅमवर आणलं, कारण पायपेरिनमुळे ते रक्तात जास्त जातं. पण हेच उलटंही पडू शकतं बरं का, प्रोप्रॅनोलॉलसारख्या बीपीच्या गोळीचं प्रमाणही पायपेरिननं रक्तात वाढतं. काकू बीपीची कोणती गोळी घेतात ते बघ, भाजीतल्या मिरीचं टेन्शन नको घेऊ, पण पिंपळीचं चूर्ण चमचा चमचा नको.

आता ई. कोलाय. हा ग्रॅम-निगेटिव्ह गटातला, म्हणजे याला बाहेरून आणखी एक पडदा असतो, झाडातली बरीचशी द्रव्यं तिथंच अडकतात, जी शिरतात त्यांना याचे पंप काढतात. वर बर्बेरिन पोटातून घेतलं तर आतड्यातून रक्तात फारच थोडं जातं, मग लघवीपर्यंत कितीसं पोचणार? ते व्हिडिओत प्लेटवर गोल झोन, म्हणजे बॅक्टेरिया न वाढलेली जागा, दाखवतात ना, तो अर्क बहुतेक वेळा मिलिग्रॅमात टाकलेला असतो, अँटिबायोटिक मायक्रोग्रॅममध्ये काम करतं. आमच्या कॉलेजची पोरंही दरवर्षी कडुलिंब, तुळस, लसूण घेऊन हाच प्रोजेक्ट करतात आणि झोन दिसला की औषध सापडलं म्हणून नाचतात, त्यांना हा फरक समजवता समजवता माझा घसा बसतो.

तू एक कर, रिपोर्टमध्ये कशाकशापुढे एस (म्हणजे याच्यावर चालणारं) आहे ते बघ, नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन या लघवीच्या इन्फेक्शनच्या अँटिबायोटिकांपुढे काय लिहिलंय ते खास बघ, आणि तो कागद आणि काकूंची किडनीची तपासणी घेऊन डॉक्टरकडे जा. मागच्या वेळी अर्धवट सोडलेला कोर्स कोणता होता तेही सांग त्यांना, लपवू नको. आणि रिपोर्टचा नीट फोटो पाठव बावा, कालचा अर्धा कापलेला होता.

तुझाच,
पक्या