ओलिताचं वावर अन् कोरडवाहू

संपादक साहेब,
खेळाच्या पानावर सारखं वाचतो, फुटबॉलमध्ये ग्वार्डिओला सगळ्यात भारी मॅनेजर (म्हणजे संघाचा प्रशिक्षक). भारी आहेच, नाही कोण म्हणते, पण त्याले भेटले पैशावाले क्लब, ओलिताच्या अन् कोरडवाहू वावराचा उतारा एकाच मापानं मोजता का? २०१५-१६ मध्ये लेस्टर या कमी पैशाच्या क्लबनं इंग्लंडची प्रीमियर लीग मारली, त्याचा खेळाडू वार्डी १० लाख पाउंडात आणलेला, दुसरा महरेझ त्याच्या निम्म्याहून कमीत, आता हे दोघं मॅनेजर रानिएरीच्या आधीच आलेले, खरेदीचं श्रेय त्याले नाही, पण त्याच बैलजोडीवर वखर त्यानंच चालवला ना! (वर्षभरात त्यालेच काढलं, तो विषय वेगळा.) उलट पॅरिसच्या पीएसजी क्लबनं २०१७ मध्ये एकट्या नेमार या खेळाडूवर २२.२ कोटी युरो घातले, युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा चॅम्पियन्स लीग भेटली २०२५ मध्ये, तो गेल्यावर. निकालाच्या बाजूले खरेदीचा अन् पगाराचा आकडाही छापत जा.

– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ