डब्यातल्या नेवऱ्या

॥ श्री ॥

चि. बाय हिस आईचे अनेक आशीर्वाद.

वर श्री सवयीने पडला. खोडणार होते, पण खोडलेला श्री त्याहून वाईट दिसला असता. तेवढा चालवून घे.

तू सुखरूप पोचलीस हे दादाकडून कळलं. मला वेगळं कळवलं नाहीस, म्हणजे राग अजून आहे. मोपाच्या विमानतळावरून परत येताना बाबा फोंड्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर गणपतीवर बांधलेली रानफळांची माटोळी सोडायला स्टुलावर चढले आणि म्हणाले, "कवंडळं तिनंच बांधली होती ना? गाठ सुटत नाही." मग विळी मागितली. तुझी गाठ लहानपणापासून अशीच, केवणीचा दोर तीन वेळा फिरवून आवळलेली.

एकच विचारते आणि पुन्हा त्या विषयावर येत नाही. तिथे रात्री ताप चढला तर तुझं दार कोण ठोठावणार?

आरतीला तू सोप्यावर उभी राहिलीस ते मला खटकलं नव्हतं. काकांनी चारचौघांत विचारायला नको होतं, आणि तूही "मी कुठल्याच धर्माची नाही, तिथल्या फॉर्मवर तसंच लिहिते" हे त्यांच्या हातात ताळ असताना सांगायला नको होतं. मग बाबांचं सुरू झालं. 1560 साली पोर्तुगिजांच्या धाकाने कुठ्ठाळीहून मंगेश नदीपार प्रियोळला आणला, लोकांनी घरंदारं सोडली पण देव सोडला नाही, वगैरे. खरं आहे ते सगळं. पण तू विचारलंस, "त्या देवळाच्या हक्कदारांच्या वहीत बाबा महाजन, दादा महाजन, मग मी कोण?" त्यावर कोणीच बोललं नाही. मी खतखतं ढवळायला आत गेले. तुझ्या बाजूने बोलण्यासारखं होतं आणि मी पळाले. ज्या वहीत तुझं नावच घातलं नाही, तिच्यातून तू नाव काढलंस म्हणून घर डोक्यावर घ्यायचं, हे मलाही हास्यास्पद वाटतं. बाबांसमोर मात्र हे म्हणू शकणार नाही.

रात्री तू मोबाइलवर आकडे दाखवलेस. इंग्लंड-वेल्सच्या 2021 च्या जनगणनेत 37.2 टक्के लोकांनी धर्म नाही असं लिहिलं, दहा वर्षांआधी ते 25.2 होते. ख्रिस्ती निम्म्याहून कमी. तुझ्या ऑफिसात तर चर्चला जाणारं कोणीच नाही म्हणालीस. आपल्याकडे 2011 मध्ये धर्म न सांगणारे जेमतेम 0.24 टक्के, हेही तूच सांगितलंस, आणि हसलीस. तेव्हा सांगितलं नाही, आता सांगते. त्या जनगणनेला शाळेतून मीसुद्धा घरोघर फिरले होते. धर्माचा रकाना आला की दारावरचं तोरण किंवा क्रूस बघून मी विचारायच्या आधीच लिहून मोकळी व्हायचे. दुपारचं ऊन, हातात कागदांचा गठ्ठा. एखाद्या घरात तुझ्यासारखी कोणी असली तर ती माझ्या कागदावर आलीच नाही.

तू एकटीच अशी आहेस असंही नाही. पलीकडच्या मावशीचा नातू लिस्बनहून आला तो फेस्ताच्या मिसालाही गेला नाही, मुलीचा बाप्तिझ्मा करणार नाही म्हणतो. चिऱ्याच्या गडग्यावर माटोळीसाठी सुपारीची शिपटी ठेवता ठेवता ती म्हणाली, "बाये, भुरगीं आयकनात." पोरं ऐकत नाहीत. आम्ही दोघी बराच वेळ उभ्या होतो. तिलाही माझ्यासारखीच भीती. पाद्रीबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. सासू गेली तेव्हा पहाटे चारला सगळा वाडा अंगणात होता, तो तिच्या नातवाला तिकडे कुठून मिळणार, हे तिचं दुखणं.

माझं पोट कापलं तेव्हा पंधरा दिवस पेज कोणी आणली? भजनाच्या मंडळींनी. तू म्हणशील ती माणसं होती, देव नव्हता. असेलही. पण ती माणसं गोळा झाली ती दर सोमवारच्या भजनाला. तू कुठे गोळा होशील? काहीतरी धर, गाणं धर, डोंगर चढणाऱ्यांत जा, माणसाने असं अधांतरी... बघ, शाळामास्तरीण सुटली. माफ कर. नाही येत म्हटलं होतं या विषयावर.

तू चौदाची होतीस ती चवथ मी विसरलेले नाही. अडचण आली म्हणून तुला मागच्या पडवीत बसवलं, वेगळं ताट दिलं. दोन महिने खपून तू माटोळीसाठी काय काय ठरवलं होतंस, आणि ती बांधली दादाने. तू खिडकीतून सांगत होतीस, "कांगलां डाव्या बाजूला, घागऱ्यो मध्ये." मीच म्हटलं, "खिडकीपासून लांब हो." आजी तेव्हा काही बोलली नव्हती. मी बोलले. आपली लोकं म्हणतात पोरं बाहेर शिकायला जाऊन बिघडतात. तू कुठे गेली होतीस तेव्हा? पडवीतच होतीस.

ते आठवलं की रागावता येत नाही तुझ्यावर. आणि खरं सांगू, "मी नाही मानत" हे तू सरळ तोंडावर सांगितलंस, त्याचा थोडा गर्वच वाटला. मला सासरी चाळीस वर्षांत एकदाही जमलं नाही.

तिथे थंडी पडायला लागेल. शेजारच्या खोलीतल्या मुलीचा नंबर तेवढा दादाला देऊन ठेव. वापरणार नाही.

डब्यात नेवऱ्या आहेत, वरचा थर मोडला असेल. प्रसादाच्या म्हणून टाकू नकोस, त्या प्रसादाच्या नाहीत. नैवेद्य दाखवायच्या आधीच तुझ्यासाठी वेगळ्या काढल्या होत्या. बाबांना सांगू नको.

तुझी,
आई