राजूरच्या वाइंडिंगवाल्या काकांचे आभार

अकोले तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत आमच्या विज्ञान यात्रेचा फुगवायचा तारांगण-घुमट ऐनवेळी उठेना. ब्लोअर नुसता गुणगुणायचा, लाकडी काडीने पातं ढोसलं की फिरायचा. म्हणजे मोटारीला फिरायला सुरुवात करून देणारा कपॅसिटर गेलेला. ऊन आणि जनरेटरचं वरखाली होणारं व्होल्टेज, दुसरं काय! घुमटात हवा सतत भरावी लागते, ब्लोअर थांबला की तो बसतोच.

राजूरच्या बाजारात १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मिळाला नाही. काकांनी मग सिलिंग फॅनचे २.५ चे चार, ४४० व्होल्टचे, समांतर जोडले; बेरीज बरोबर १०. (एकापुढे एक जोडले असते तर बेरीज एक मायक्रोफॅरडसुद्धा भरली नसती.) जुना आधी डिस्चार्ज केला, म्हणजे त्यात साठलेली वीज काढून टाकली, सांध्यांना डाख दिला, वर स्लीव्ह चढवली. ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी दुकानाचं शटर ओढून ते स्वतः शाळेत आले. पहिला खेळ संपेपर्यंत ब्लोअरशेजारी बसून मोटार तापते का ते पाहत राहिले. पैसे घेतले फक्त कपॅसिटरचे.

खोळंबलेल्या मुलांना तोवर गाण्यांत गुंतवून ठेवणाऱ्या स्वयंपाकघरातल्या मावशींचेही मनापासून आभार.

काका, पुढच्या सगळ्या शाळा तुमच्या त्या जोडावरच झाल्या. आता १० चा एक जादा कपॅसिटर आमच्या पेटीत कायम असतो.