तुमच्या आईचं सूटपत्र कुठे आहे?

लोद, इस्राएल
एलुल महिना

ती. मोठ्या काकांना आणि काकींना,
शालोम आणि नमस्कार.

काका, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आपण बेने इस्राएल, कोकणातले यहुदी, नक्की कुठल्या घरचे गं? दक्षिणेच्या यहूदाच्या की उत्तरेच्या एफ्राईमच्या? एफ्राईमच्या असू, तर देवाने आपल्याला सूटपत्र, म्हणजे काडीमोडाचा कागद, दिलंय. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात लिहिलंय तसं." फोनवर असल्या गोष्टी होत नाहीत. तुम्ही "हॅलो हॅलो" करता आणि मी ओरडते. म्हणून लिहायला बसले.

पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, एवढं आपल्याकडे सगळे सांगतात. ती माणसं मुळात कुठून निघाली, यावर मात्र आपल्यातच दोन तोंडं. कोणी म्हणतं उत्तरेच्या राज्यातली, कोणी म्हणतं ग्रीक राजा अंतिओखसच्या जुलमाला कंटाळून निघालेली. पोथ्या समुद्रात गेल्या, त्यामुळे भांडायला मोकळं रान आहे. पण तुमचा दुसरा प्रश्न, सूटपत्राचा, फार मोलाचा आहे.

इस्राएलचं घर कसं फुटलं ते तुम्हाला पाठ आहे. शलमोन राजा गेला, त्याचा मुलगा रहबाम शखेमला आला, लोक म्हणाले, जू हलकं कर. म्हाताऱ्यांनी शहाणपण सांगितलं, तरण्यांनी माज शिकवला, आणि त्याने तरण्यांचं ऐकलं. इ.स.पू. ९३०च्या आसपास दहा वंश यराबामाच्या मागे गेले. यहूदा आणि बन्यामीन तेवढे दावीदाच्या घराकडे राहिले. यरुशलेमच्या मंदिराकडे लोकांचे पाय वळू नयेत म्हणून यराबामाने बेथेलला एक आणि दानला एक सोन्याचं वासरू बसवलं.

ते दान मी पाहिलंय. अगदी उत्तरेला, यार्देनेच्या उगमापाशी, गर्द झाडीत. उत्खननात सापडलेल्या त्या पूजेच्या उच्चस्थानावर वेदी केवढी असेल ते कळावं म्हणून लोखंडी सांगाडा उभा केलाय. तिथेच १९९३ साली एक फुटका शिलालेख मिळाला, अरामी भाषेतला, इ.स.पू. नवव्या शतकातला. आता तो यरुशलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये आहे. कोणी शत्रू राजा त्यात फुशारकी मारतो, की मी इस्राएलच्या राजाला मारलं आणि दावीदाच्या घराण्यातल्या राजालाही मारलं. दोन्ही घरं वेगळी झाल्यावर कित्येक वर्षांनी शत्रूने दोघांना एकाच दगडावर आणून ठेवलं! काचेपुढे उभी राहून मला हसू आलं, तर रखवालदार बघायला लागला.

आता लग्नाची भाषा, म्हणजे देव नवरा आणि इस्राएल बायको. ती पहिल्यांदा सबंध वापरली होशेय संदेष्ट्याने, आणि तो उत्तरेचा. दुसरा यराबाम गादीवर होता, सुबत्ता होती. देवाने त्याला गोमेरशी लग्न करायला सांगितलं, ती त्याच्याशी एकनिष्ठ राहिली नाही. मुलांची नावं देवानेच ठेवली: इज्रेल, लो-रुहामा म्हणजे जिच्यावर दया नाही ती, आणि लो-अम्मी, माझे लोक नव्हेत. कल्पना करा, काकी, दारात उभं राहून पोराला अशा नावाने जेवायला हाक मारायची! पुढे तिसऱ्या अध्यायात तो पंधरा शेकेल चांदी आणि दीड होमेर सातू देऊन बाई घरी आणतो. तिचं नाव तिथे लिहिलेलं नाही, पण बहुतेक जण ती गोमेरच समजतात. माझं लक्ष जातं ते दुसऱ्या अध्यायातल्या एका वाक्याकडे. बायको म्हणते, "मी माझ्या पहिल्या नवऱ्याकडे परत जाईन, तेव्हा माझं आतापेक्षा बरं चाललं होतं." वाक्य तिचं, पण सांगतोय नवराच. गोमेर स्वतः कुठे बोलत नाही.

पहिल्या नवऱ्याकडे परत जाता येतं का? तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, त्यातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात स्वच्छ मनाई आहे. नवऱ्याने सूटपत्र हातात दिलं, ती दुसऱ्याची झाली, तो दुसरा मेला किंवा त्यानेही तिला सोडलं, तरी पहिल्याने तिला परत घ्यायचं नाही.

इ.स.पू. ७२२च्या सुमारास अश्शूरांनी उत्तरेची राजधानी शोमरोन घेतली आणि उत्तरेचं घर मोडलं. माणसं उचलून दूर नेऊन टाकली. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, योशिया राजाच्या दिवसांत, यिर्मया उभा राहतो. तो अनाथोथचा, बन्यामिनाच्या मुलखातला, म्हणजे फुटलेल्या घराच्या अगदी सीमेवरचा माणूस. तिसऱ्या अध्यायाची सुरुवात तो याच कायद्याने करतो: टाकलेली बायको दुसऱ्याची झाली तर पहिला तिला परत घेईल का? देश विटाळणार नाही का? आठव्या ओवीत तुम्ही म्हणता ते येतं. देव म्हणतो, मी इस्राएलला सूटपत्र देऊन घालवून दिलं, तरी तिची बहीण यहूदा भ्याली नाही. उत्तरेला काय झालं ते यरुशलेम बघत होतं, आणि बघूनही तसंच वागत होतं.

काका, तुम्ही आठव्या ओवीशी थांबलात. पुढे वाचा. अकराव्यात देव म्हणतो की घालवून दिलेली ती घरात राहिलेल्या हिच्यापेक्षा बरी. बाराव्यात यिर्मयाला सांगतो, उत्तरेकडे तोंड कर आणि हाक मार, परत ये. आणि चौदाव्यात, कागद हातात दिल्यानंतरही, मीच तुमचा नवरा आहे म्हणतो. कायदा पहिल्याच ओवीत त्याने स्वतः आठवून दिला होता. विसरून बोललेला नाही. तालमुदात, जुन्या रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात, रब्बी योहानान यावरून म्हणतात की पश्चात्ताप इतका मोठा, की तोरातली मनाईसुद्धा बाजूला सारतो. मला त्यांचं म्हणणं पटतं. पण त्याहून जास्त पटते ती संदेष्ट्याची हिंमत. कायदा सबंध मांडायचा, त्यातून पळवाट शोधायची नाही, आणि मग सरळ त्याच्या आड येऊन हाक मारायची.

दुसरीकडे यशया संदेष्ट्याच्या पन्नासाव्या अध्यायात देवच विचारतो, "मी जिला सोडलं म्हणता, त्या तुमच्या आईचं सूटपत्र कुठे आहे?" तो प्रश्न सियोनेच्या, म्हणजे यरुशलेमच्या, मुलांना आहे, बाबेलात नेलेल्या यहूदाच्या घराला. म्हणजे ओवीला ओवी लावून पाहिलं तर एका बहिणीला कागद दिला, दुसरीला दिलाच नाही. काही जण इथेच फाईल बंद करतात. तालमुदात मात्र एक गोष्ट आहे. दहा माणसं संदेष्ट्यापुढे येऊन बसली. तो म्हणाला, वळा. ती म्हणाली, मालकाने विकलेला गुलाम आणि नवऱ्याने सोडलेली बायको, यांच्यावर कोणाचा काय हक्क? म्हणजे आता आम्ही मोकळे. त्यांना देवाने हाच प्रश्न विचारायला लावला, कागद कुठे आहे? सूटपत्र पुढे करून सुटका मागत होती ती माणसंच. वकील भारी, पण कागद नव्हता.

आता हे तुम्हाला आवडेल. अनुवादातला सूटपत्राचा कायदा 'की तेत्झे' या पाराशात, म्हणजे तोराच्या आठवड्याच्या वाचनात, येतो, आणि त्याच शाब्बाथाला हाफ्तारा, म्हणजे संदेष्ट्यांतला उतारा, असतो यशया चोपन्नचा, ज्यात देव तारुण्यातल्या टाकलेल्या बायकोला म्हणतो, क्षणभर मी तुला सोडलं होतं, आता मोठ्या करुणेने जवळ घेतो. एकाच सकाळी दोन्ही वाचायचं. बिरड्याच्या रोजानंतरचे, म्हणजे मंदिर पडल्याच्या उपासानंतरचे, सात शाब्बाथ सांत्वनाचे, त्यातला हा पाचवा. पन्नासाव्या अध्यायातला तो प्रश्न दुसऱ्या शाब्बाथाला, आणि सातव्याला बासष्टावा अध्याय, नवरा नवरीवर हर्षतो तसा. रोजाच्या आधीच्या तीन आठवड्यांतल्या पहिल्या हाफ्ताराच्या शेवटी येतं, "तुझं नवरीपणीचं प्रेम मला आठवतं, रानात तू माझ्या मागे आलीस." हा क्रम ज्यांनी लावला त्यांना संसार माहीत होता.

आपल्या लोकांना या कायद्याचा चटका बसलाय, ते तुमच्या पिढीला सांगायला नको. १९६२ साली इस्राएलच्या मुख्य रब्बी-मंडळाने सूचना काढल्या, की बेने इस्राएलाचं दुसऱ्या यहुद्याशी लग्न नोंदवताना आई, आजी, जितकं मागे जाता येईल तितकं तपासा. शंका काय, तर कोकणात शेकडो वर्षं एकटे राहिलेल्या आपल्या माणसांनी काडीमोड रीतसर सूटपत्राने केले होते का, निपुत्रिक विधवेला दिराकडून रीतसर मोकळीक मिळाली होती का. १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसं यरुशलेमला धरणं धरून बसली. १७ ऑगस्टला क्नेसेट, म्हणजे इथली संसद, खास भरलं, पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी आहेत असं सांगितलं, आणि महिना संपता संपता त्या सूचनेतून आपलं नाव गेलं. तुमचा प्रश्न ऐकला तेव्हा मला हेच आठवलं. यशयात देव विचारतो, सूटपत्र दाखवा, म्हणजे तुम्हाला टाकलंय हे मान्य करू. आपल्याला विचारलं गेलं, सूटपत्रं दाखवा, म्हणजे तुम्ही आमचे हे मान्य करू. एकाच कागदाचा असा उलटा हिशेब मी दुसरीकडे पाहिला नाही.

एक गोष्ट मात्र मी गिळू शकत नाही, ती यहेज्केल संदेष्ट्याची. त्याच्या तेविसाव्या अध्यायात शोमरोन आणि यरुशलेम या अहला आणि अहलीबा नावाच्या दोन बहिणी. त्यांची जी विटंबना तो रंगवतो, ती मुलींसमोर वाचवत नाही. सोळावा अध्यायही तसाच. रब्बी एलिएझर तर म्हणत, तो हाफ्तारा म्हणून वाचूच नका. रागाचं कारण समजतं, शहर जळणार होतं. पण नवऱ्याच्या हातातली काठी देवाच्या हातात दिली, की पुढे कुठल्याही नवऱ्याला ती उचलायला सोपी जाते. तुम्ही म्हणाल, हा रूपकार्थ आहे. असेल. सदतिसाव्यातला यहेज्केल मला जास्त जवळचा वाटतो. तिथे तो एका काठीवर यहूदा लिहितो, दुसरीवर योसेफ, एफ्राईमची काठी, आणि दोन्ही एका हातात धरतो.

तसं पाहिलं तर एकाच नवऱ्याला दोन बहिणी देण्याची मनाई तोरातल्या लेवीय पुस्तकात आहेच. पण याकोबाच्या घरी हेच झालं होतं, लेआ आणि राहेल सख्ख्या बहिणी. यहूदा लेआचा, आणि योसेफ राहेलचा, त्याचा मुलगा एफ्राईम. राज्य शखेमला फुटलं असं आपण म्हणतो. भेग त्या दोघींच्या तंबूंपासूनची आहे. तरी रूथच्या लग्नात वेशीवरची माणसं आशीर्वाद देतात तो कसा? इस्राएलचं घर बांधणाऱ्या राहेल आणि लेआ या दोघींसारखी ही होवो. वेशीवरची माणसं यहूदातल्या बेथलेहेमची, आणि नाव राहेलचं आधी घेतात! गीतरत्नातही प्रियकर सखीला म्हणतो, तू तिरसासारखी सुंदर, यरुशलेमसारखी देखणी. तिरसा ही उत्तरेची जुनी राजधानी, अम्रीने शोमरोन बांधलं त्याच्या आधीची. प्रेमात पडलेल्याला राजकारण आठवत नाही, किंवा चांगलं आठवतं.

आणि आपला एलियाहू हानाबी, एलिया संदेष्टा? ज्याच्या नावाने आपण पोह्या-नारळाचा मलिदा करतो, ज्याच्या रथाची खूण तिथे अलिबागजवळच्या खडकावर दाखवतात, तो गिलादचा, उत्तरेच्या अहाब राजाच्या काळातला. कर्मेल डोंगरावर त्याने वेदी बांधली तेव्हा दगड किती घेतले? बारा. राज्य फुटून दोन-तीन पिढ्या उलटल्या होत्या, त्याच्या राजाकडे दहाच वंश होते. कोकणात भाऊ वेगळे निघतात, चुली वेगळ्या होतात, पण मूळपुरुषाच्या नावाचा नारळ कोणी चुकवत नाही, तसं ते बाराचं.

तेव्हा आपण कुठल्या घरचे, हे मला माहीत नाही. यिर्मयाच्या त्याच चौदाव्या ओवीत आहे, मी तुम्हाला गावातून एक आणि कुळातून दोन असे घेऊन सियोनेला आणीन. आपलं झालं ते शब्दाला शब्द. पेणकर, रोहेकर, दिवेकर, गावागावातून एकेक, कुळाकुळातून दोघे. बाबा आले, तुम्ही राहिलात. न आलेल्यांबद्दल त्या ओवीत काही वाईट म्हटलेलं नाही, हे मी मुद्दाम पाहून ठेवलंय. तुम्हाला ते बोलून दाखवायचं राहून गेलं होतं.

आता घरचं. दादाच्या मुलीचं लग्न सुक्कोथचा सण उलटल्यावर हेश्वान महिन्यात ठरतंय. मुलगा मोरोक्कोकडच्या घरचा, शांत आहे, तिखट खातो. नोंदणीला दादा-वहिनींचा मूळ केथुबा, म्हणजे लग्नाचा करार, लागणार. इथे सापडत नाही. तुमच्या माडीवरच्या पेटीत बाबांच्या कागदांबरोबर आहे का पाहाल? असला तर फोटो आधी पाठवा, मूळ प्रत कोणी येणाऱ्याच्या हाती. लग्नाच्या सात आशीर्वादांत यहूदाच्या शहरांत नवऱ्या-नवरीचा आवाज ऐकू येवो असं म्हणतात, ते यिर्मयाचंच. उत्तरेच्या शहरांचं नाव त्यात का नाही, हे तुमच्यासाठी सोडून ठेवते.

लग्नाआधी मेंदी आणि मलिदा दोन्ही करणार आहोत. मोरोक्कोवाल्यांतही मेंदी असते, त्यामुळे त्या बाजूने प्रश्न नाही. काकी, मलिद्याला माणसं शंभराच्या वर होतील. पोहे किती किलो भिजवू, आणि नारळ किती? इथल्या दुकानात पोहे पातळच जास्त मिळतात, जाडे मिळाले नाहीत तर चालतील का, ते काकांकडून लगेच लिहून कळवा.

तुमची पुतणी