दस्तलेखक काकांना, उशिरानं का होईना, जाहीर आभार

काका, सादर नमस्कार.

तुम्ही टेबल मुलाच्या हवाली केल्याचं परवा कळलं, आणि राहून गेलेलं हे पत्र आता तरी लिहावं असं ठरवलं. नाव मुद्दाम टाकत नाही. नाव छापलेलं तुम्हाला आवडायचं नाही, आणि रजिस्ट्री ऑफिसच्या आवारात ज्यांचं कधी काम पडलंय, ते बरोबर ओळखतीलच.

ज्यांना तो काळ आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कोरोनात घरांची खरेदी-विक्री थंडावली, म्हणून सरकारनं ऑगस्ट 2020 मध्ये मुद्रांक शुल्कात सवलत जाहीर केली. 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर 2020 तीन टक्के सूट, आणि 1 जानेवारी ते 31 मार्च 2021 दोन टक्के. आमचा इथला, छत्रपती संभाजीनगरातल्या बीड बायपास रस्त्यावरचा फ्लॅट बत्तीस लाखांचा. म्हणजे दोन टक्क्यांचे चौसष्ट हजार झाले. शिक्षकाच्या घरात चौसष्ट हजार म्हणजे मुलीची वर्षाची फी आणि वर स्वयंपाकघराचं फर्निचर.

इसार पावती दिवाळीआधीच झाली होती. अडलं ते पुढं. विकणाऱ्यांचं जुनं कर्ज फिटलं होतं, पण त्यांचे मूळ कागद कर्ज देणाऱ्या संस्थेच्या कुठल्याशा गोदामातून येतच नव्हते. ते आले तेव्हा आमच्या बँकेचा व्हॅल्युएशनवाला क्वारंटाइन झालेला. डिसेंबर गेला, तीन टक्के गेले. फेब्रुवारीही तसाच गेला. मार्च उजाडला आणि अर्ध्या शहराला एकदमच घरं घ्यायची होती, असं तुमच्या आवारात आल्यावर वाटलं.

त्यात विकणारे दोघं नवरा-बायको बीडला. बीड जिल्ह्यात 26 मार्चपासून 4 एप्रिलपर्यंत लॉकडाऊन. बीडच्या वाटेवरचा शहागडचा पूल ओलांडला की पोलीस. आपल्या शहरातही लॉकडाऊन लागणार, नाही लागणार, असा खेळ चाललेला. 27 तारखेला चौथा शनिवार, मग रविवारी होळी, सोमवारी धुळवड. पुढं उरले मंगळवार आणि बुधवार, आणि बुधवारी 31 मार्च. सर्व्हर रडत होता, नोंदणीच्या नंबराचं टोकन मिळत नव्हतं. टोकन काढून देतो म्हणून एक जण माझ्याकडं पाच आकडी रक्कम मागत होता, आणि खरं सांगतो, मी एटीएमकडं निघालोही होतो.

तुम्ही हाक मारलीत. "सर, कुठं निघालात? जरा बसा की." आणि मग, चष्मा कपाळावर सरकवून, जे सांगितलंत ते मला आजही शब्दशः आठवतं: "रजिस्ट्रीची तारीख येगळी अन् सहीची तारीख येगळी. सवलत सहीला अन् भरण्याला हाय, टोकनाला न्हाई. आज चलन भरा, 31 च्या आत दोन्हीकडच्या सह्या होऊ द्या. रजिस्ट्रीला चार महिने हायेत. कायदा 1908 चा हाय, आजचा न्हाई."

नोंदणी कायद्याचं कलम 23. दस्तावर सही झाली की चार महिन्यांत तो नोंदणीला सादर करायचा. त्यातही अडचण आलीच तर कलम 25 आहे, दंड भरून आणखी चार महिने. हे सगळं कायद्याच्या पुस्तकात शंभर वर्षांहून जास्त काळ पडून आहे. डिसेंबरात नोंदणी विभागानंही हेच स्पष्ट केलं होतं. तरी त्या आवारात उभ्या असलेल्या शेकडो माणसांपैकी कितीजणांना ते माहीत होतं? उन्हात, मास्क हनुवटीवर ओढून, एकमेकांना रेटत लोक उभे होते, कारण 31 तारखेला अंगठा आणि फोटो झाला नाही तर पैसे बुडाले, असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं. सवलतीची जाहिरात करताना एक ओळ ठळक छापली असती तर ही झुंबड झालीच नसती, असं माझं मत आजही आहे.

माझ्या डोक्यात तेव्हा आणखी एक फाटा फुटला होता. 8 मार्चच्या अर्थसंकल्पात महिलेच्या नावावर घर घेतलं तर 1 एप्रिलपासून एक टक्का सूट जाहीर झाली होती. मग घाई कशाला, बायकोच्या नावावर एप्रिलात घेऊ, असं मला सुचलं. तुम्ही कागदाच्या मागच्या बाजूला दोन ओळींत हिशेब मांडलात. आज दोन टक्के, तेव्हा एक. शिवाय ती सूट बाईच्या एकटीच्या नावाला, आणि आमचं कर्ज दोघांच्या नावावर. पुढं पंधरा वर्षं पुरुषाला विकता येणार नाही ही अट वेगळीच. (ती अट 2023 मध्ये निघाली, पण तेव्हा होती.) विषय तिथंच संपला.

आता सह्यांचं. मंगळवारी सकाळी तुमच्या टेबलाशी बसून मी ऑनलाइन चलन भरलं, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फीचे तीस हजार. फी एक टक्का, पण तीस हजारांच्या वर जात नाही, हेही मला तिथंच कळलं. तुम्ही दस्त प्रिंट केलात, आम्ही दोघांनी पानापानावर सह्या केल्या, सहीखाली तारीख घातली. पण बीडचं काय? तिकडच्या विकणाऱ्या काकूंचा फोन आला, "पैसे हातात नाहीत अन् सही आधी कशी करू?" त्यांचं चुकलं होतं असं मी म्हणणार नाही. आमच्या बँकेचा डीडी तर नोंदणीच्या दिवशीच मिळणार होता. कर्ज देणारे कधी आधी पैसे सोडतात काय?

तुम्ही फोन हातात घेतलात आणि त्यांच्याशी निवांत बोललात. मग दस्तात एक कलम घातलंत, की उरलेली रक्कम नोंदणीच्या वेळी बँकेच्या डीडीनं मिळेल आणि ताबा त्यानंतरच. ते पान पुन्हा छापलंत, आमच्या सह्या पुन्हा घेतल्यात. मूळ दस्त नोंदणीपर्यंत तुमच्या कपाटात राहील, ना आमच्याकडं ना त्यांच्याकडं, असा शब्द दिलात. काकू म्हणाल्या, "तुमच्या शब्दावर करते." तुम्हाला त्यांनी तोपर्यंत पाहिलंही नव्हतं.

दस्त गेला औषधांच्या गाडीतून. औषधाच्या गाडीला बंदी नव्हती. तुमच्या ओळखीच्या एका होलसेलवाल्याची गाडी पहाटे बीडला जायची. इंजेक्शनच्या खोक्यांच्या वर, प्लास्टिकच्या पिशवीत दुहेरी गुंडाळलेला आमचा दस्त. तिथं तुमच्याच धंद्यातला एक जण चौकात थांबला, साक्षीदार घेऊन विकणाऱ्यांच्या दारात गेला, आणि 31 तारखेच्या दुपारी ओट्यावर बसून सह्या झाल्या. फोटो आला तेव्हा तुम्ही दुसऱ्या कुणाचं तरी चलन भरत होतात. बघून नुसती मान हलवलीत.

एप्रिलात काय झालं ते सगळ्यांनाच माहीत आहे. निर्बंध, ऑफिसं बंद-चालू, विकणाऱ्या काकांना स्वतःलाच कोरोना, महिनाभर ऑक्सिजनवर. नोंदणी जुलैत झाली, चार महिन्यांच्या आत. खिडकीवरच्या माणसानं चलनाची आणि सहीची तारीख बघितली, काही बोलला नाही, अंगठा घेतला.

माझा भाचा तेव्हा इंग्लंडात लेस्टरला घर घेत होता. त्यांच्याकडंही अशीच सवलत होती, पाच लाख पौंडांपर्यंत कर माफ, मुदत 31 मार्चवरून 30 जूनवर ढकललेली. पण तिथं सही करून भागत नाही, व्यवहार पुरता होऊन किल्ली हातात पडेल तीच तारीख धरतात. त्याच्यापुढं चार घरांची साखळी, एकाचं अडलं की सगळ्यांचं अडलं. तो म्हणाला, मामा, तुमचा 1908 चा कायदा इकडं पाठवा. कायदा इंग्रजांनीच केलेला, हे मी त्याला सांगितलं.

काका, माझं काम झालं म्हणून आभार मानायचे असते तर ते फोनवरही मानून झाले असते. हे उघड पत्र वेगळ्या कारणानं लिहितोय. त्या दोन दिवसांत तुम्ही मला जे सांगितलंत तेच रांगेतल्या दिसेल त्याला सांगत होतात. पडेगावचा एक रिक्षावाला, सिडकोतल्या एक रिटायर्ड नर्सबाई, कुणालाही. "घरी जा, चलन भरा, सही करा, मे-जूनमध्ये या." त्यातले निम्मे परत तुमच्याकडं आलेच नसतील. शेजारच्या टेबलवाल्यानं तुम्हाला त्यावरून टोकलंही, मी ऐकलं होतं. तुम्ही फी मात्र नेहमीचीच घेतलीत. औषधाच्या गाडीवाल्याला द्यायचे म्हणून मी पुढं केलेले पैसे परत माझ्या खिशात कोंबलेत.

मेव्हण्याचा जालन्याचा प्लॉट यंदा होतोय. मसुदा तुमच्या मुलाकडंच देणार आहे, पण एकदा तुमच्या नजरेखालून गेला तर बरं, एवढं त्याला सांगून ठेवा. आणि येत्या रविवारी काकूंना घेऊन जेवायला या. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि शेंगदाण्याची चटणी पक्की आहे. गोडाचं काय करायचं ते तुमची शुगर बघून ठरवू.

तुमचा,
बीड बायपासवरचा गुरुजी
छत्रपती संभाजीनगर